मावशी देवीला, मी लेण्याला

लोनाडला जायचं, लोनाडला जायचं असं मी दोन वर्षं घोकत होते. मध्यंतरी ठाण्यातल्या एका रविवारच्या वर्गात शिलालेख वाचायला शिकण्याचा मी प्रयत्न केला होता. लिपी अर्धीमुर्धीच आली, पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. ज्या गावात मी भाजी घेते आणि सुट्ट्या पैशांवरून रिक्षावाल्यांशी वाद घालते, ते ठाणं म्हणजे जुन्या लेखांमधलं ‘स्थानक’, उत्तर कोकणच्या शिलाहार राजांचं गाव. त्यांचं अंबरनाथचं देऊळ सगळ्यांना माहीत असतं, शके ९८२ चं, म्हणजे इ.स. १०६० चं. लोनाड मात्र कुणाला ठाऊक नाही. आमच्या सोसायटीत विचारलं, तर तिघांना ते लोणावळ्याजवळचं एखादं गाव वाटलं. ते आहे भिवंडी तालुक्यात, कल्याणपासून जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर. तिथे टेकडीवर एक बौद्ध लेणं आहे, गावात पडकं शिवमंदिर आहे आणि शेजारच्या चौधरपाड्याला शिलाहारांचा शिलालेख आहे. इतकं सगळं हाकेच्या अंतरावर असूनही दोन वर्षं गेली, कारण रविवारी सकाळी उठवत नाही.

शेवटी निघणं झालं ते मावशीमुळे. मावशी कळव्याला राहते, वय अडुसष्ट, डावा गुडघा कुरकुरणारा. फोनवर बोलता बोलता मी म्हणाले, की त्या लेण्यात आता खांडेश्वरी देवी आहे. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग प्रश्न आला, “ओटी भरू देतात का?”

“तिथे अडवणारं कुणी नसतं गं.”

“मग या रविवारी जाऊ. मी नारळ आणते, तू पाणी आण. आणि हे बघ, रविवार असला तरी डब्यात वशाट नको, देवीच्या दारात जायचंय.”

मावशीच्या घरी रविवारी मासे नाहीत हा केवढा त्याग आहे, हे तिला ओळखणाऱ्यालाच कळेल. मी मुकाट्याने बटाट्याची भाजी केली.

डिसेंबरचा पहिला पंधरवडा होता. मेगाब्लॉकच्या आत परत यायचं असं माझं गणित होतं, ते अर्थातच चुकलं. मी ठाण्याला मधल्या लेडीज डब्यात चढले, मावशी कळव्याला त्याच डब्यात चढली. तिच्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू आणि अगरबत्तीचा अख्खा पुडा. कल्याणला पश्चिमेकडे उतरलं की एसटीचा डेपो समोरच आहे. पडघ्याकडे जाणारी गाडी लोनाडच्या फाट्यावरून जाते. गाडीत कॉलेजची चार मुलं होती, दुधाचे रिकामे कॅन घेऊन परतणारे दोन काका होते, आणि आम्ही.

उल्हास नदीवरचा गांधारी पूल ओलांडला की हवा बदलते म्हणतात. बदलते खरी, पण हल्ली फार वेळ नाही. थोडा वेळ भाजीचे मळे दिसतात, कापलेल्या भाताची खाचरं दिसतात, आणि बापगाव मागे पडतंय न पडतंय तोच गोदामं सुरू होतात. निळ्या-करड्या पत्र्यांची, एकेक इतकी लांब की गाडी तिसऱ्या गिअरमध्ये असतानाही संपत नाहीत. तुम्ही मोबाइलवर मागवलेला मिक्सर बहुधा यातल्याच एखाद्या शेडमध्ये रात्रभर झोपून तुमच्या दारी आलेला असतो.

मला या गोदामांचा राग येत नाही असं नाही. पण त्या रस्त्यावर बसून विचार केला तर ती इथे असणं फार जुन्या परंपरेला धरूनच आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण बंदराचा उल्लेख आहे, आणि कान्हेरीच्या लेण्यांमध्ये कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दान दिल्याचे लेख आहेत. जहाजातून उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून घाटाकडे जायचा, नाणेघाट चढून जुन्नरला किंवा थळघाटाने नाशिककडे. अशा वाटांच्या कडेला, गावापासून जरा लांब पण अगदी रानात नाही, अशा जागी भिक्षूंनी लेणी खोदून घेतली. माल तिथेच, वाट तिथेच. नागपूरहून येणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण झाला, तो संपतो कुठे? याच तालुक्यात, लोनाडपासून थोड्याच अंतरावरच्या आमण्याला. दोन हजार वर्षांत बैल तेवढे गेले.

फाट्यावर उतरून मी फोनवरचा नकाशा उघडला. नकाशाने आम्हाला छानपैकी डांबरी रस्त्याने नेलं, डावीकडे वळवलं आणि एका गोदामाच्या लोखंडी फाटकासमोर आणून उभं केलं. ‘तुम्ही पोहोचलात’. आत तीन कंटेनर उलटे लागत होते. रखवालदार उत्तरेकडचा, त्याला लेणं हा शब्द कळेना. गुंफा म्हणून पाहिलं, तेही नाही. मावशी पुढे झाली आणि हात जोडून दाखवत म्हणाली, “देवी, देवी. पहाड पे.” त्याचा चेहरा एकदम उजळला. “अच्छा, माताजी!” आणि भिंतीच्या कडेकडेने मागे जायचं, तिथून पायवाट दिसेल, असं त्याने हातवारे करून समजावलं.

मी वर्गातली वही काढून लेण्यांचे प्रकार सांगू शकले असते. वाट मात्र मावशीच्या दोन शब्दांनी मिळाली. हे त्या दिवशी पुढेही होत राहिलं.

पायवाट म्हणजे फार मोठी चढण नव्हे. तरण्या माणसाला पंधरा-वीस मिनिटं. आम्हाला चाळीस लागली. पावसाळ्यात इथे सगळं हिरवंगार आणि शेवाळाने निसरडं असणार. डिसेंबरात गवत पिवळं पडलं होतं, करवंदीच्या जाळ्या होत्या, सागाची पानं किड्यांनी खाऊन चाळणी झाली होती. कुसळं म्हणाल तर माझ्या सलवारीला आणि मावशीच्या नऊवारीला सारखीच. वाटेत दुकान नाही, नळ नाही, वर सावलीही फारशी नाही, तेव्हा जाणाऱ्याने पाणी खालूनच न्यावं. मावशी दर पन्नास पावलांनी थांबायची, गुडघा चोळायची आणि मागे वळून खाली बघायची. एकदा म्हणाली, “वरनं बघितलं ना, तर हे पत्रे तलावासारखे दिसतात.” उन्हात चमकणारी ती छपरं खरंच तशी दिसत होती.

लेणं अचानक समोर येतं. टेकडीचा काळा कातळ चढता चढता एका जागी आत गेलेला, आणि त्या पोकळीत खांब. बाहेर मोकळं अंगण, मग ओसरी, मग आतली खोली. पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपासचं हे काम, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. अजिंठा-कान्हेरी पाहून आलेल्यांनी इथे यायचं ते भव्यपणा शोधायला नव्हे. हे लहान गावचं लेणं आहे, पाच-सहा भिक्षू पावसाळा काढतील एवढं. भिक्षूंना वर्षभर फिरायचा दंडक आणि पावसाळ्याचे महिने एका जागी राहायचा नियम, तो वर्षावास. आमच्याकडे एखादी खोली काढायची तर विटा रचतात. इथे उलट, आहे त्यातून काढून टाकत जायचं. खोदणारा वरून खाली, छतापासून जमिनीकडे येतो. त्यामुळे परांची बांधायची गरज नसते आणि छताचं काम उभ्यानेच होतं. चूक झाली तर मात्र ती दुरुस्त करायला दगड परत चिकटवता येत नाही. हे वर्गात ऐकलं होतं, पण ओसरीत उभं राहून छतावरच्या छिन्नीच्या तिरक्या रेघा बोटांनी चाचपल्या, तेव्हा कुठे पटलं.

ओसरीच्या भिंतीवर एक मोठा शिल्पपट आहे. मी आले होते मुख्यतः त्याच्यासाठी. मधोमध सिंहासनावर बसलेला राजा, त्याच्या आजूबाजूला स्त्रिया, सेवक, सगळा दरबार. जातककथांपैकी, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांपैकी एखादी असावी असं अभ्यासक सांगतात, नेमकी कोणती यावर मात्र त्यांचं एकमत नाही. चेहरे झिजलेत. वारा, पाणी, माणसांचे हात, सगळ्यांनी आपापला वाटा उचललाय. पण बसण्याची ढब अजून आहे. राजा ऐसपैस, सैल बसलाय, आणि बाजूच्या बायका त्याच्याकडे किंचित कललेल्या. डोळे नाहीत, नाक नाही, तरी कोण कुणाकडे बघतंय हे कळतं. मी वही उघडून खाली बसकण मारली आणि एकेक आकृती टिपायला लागले. फोटो काढला की बघायचं राहून जातं, म्हणून मी आधी चित्र काढते. चित्र वाईट येतं ते येतंच.

किती वेळ गेला कोण जाणे. मावशीने मागून माझी ओढणी खेचली. हळू आवाजात म्हणाली, “उठ. आवाज करू नको.”

“काय झालं?”

“वर बघ.”

ओसरीच्या टोकाला, छत आणि भिंत जुळतात तिथे, काळपट तपकिरी रंगाचं सुपाएवढं काहीतरी लोंबत होतं आणि त्याच्यावरून मधूनमधून एक लाट सरकत होती. आग्या मोहोळ. त्याच्याखालून मी दोनदा आले-गेले होते. मी शतक कोणतं याचा विचार करत होते, मावशी छत बघत होती.

मावशीचं माहेर शहापूरकडचं. लहानपणी तिने आग्या माश्यांनी उठवलेली एक अख्खी वरात पाहिली आहे, ती गोष्ट आमच्या घरात दर लग्नात सांगितली जाते. ती मला ओढत अंगणात घेऊन आली आणि पिशवीतला अगरबत्तीचा पुडा काढून माझ्या हातात दिला. “हा तुझ्या पिशवीत ठेव. माझ्या पिशवीत असला तर माझा हात जाईल सवयीने.” धूर झाला की माश्या उठतात. उग्र अत्तर, मोठ्याने हसणं, फोनवरची गाणी, यांनीही बिथरतात. लेणी आणि किल्ले बघायला जाणाऱ्यांना दरवर्षी कुठे ना कुठे याचा प्रसाद मिळतो, आणि त्यात कितीदा तरी कारण असतं ते भाविकांचा धूप किंवा पोरांची शेकोटी. मी वाटेभर मनात तयारी केली होती, की मावशीला ‘लेण्यात अगरबत्ती लावू नये, दगड काळा पडतो’ हे कसं सांगायचं, तिला राग न येता. सांगावंच लागलं नाही.

पंधरा मिनिटं थांबून, माश्या शांत आहेत असं बघून, आम्ही दुसऱ्या बाजूने आत गेलो. मावशीने चपला बाहेर काढल्या, मग मीही काढल्या. आत देवी. शेंदूर, साडी, हिरव्या बांगड्या, पायाशी कुणीतरी ठेवून गेलेली झेंडूची सुकलेली माळ. मावशीने न बोलता ओटी भरली. नारळ फोडला नाही, नुसता ठेवला. घंटेला हात लावला नाही. हळदकुंकू वाहिलं आणि डोळे मिटून उभी राहिली. मी खांबाला टेकून बघत होते.

खरं सांगायचं तर मी अशा ठिकाणी जरा कडवट होते. बौद्ध विहारात देवी बसवली, पांडव बसवले, शेंदूर फासला, नाव बदललं, असं म्हणून चुकचुकायची मला सवय आहे. ती चुकचुक सगळीच खोटी नाही. तेलाच्या आणि रंगाच्या थराखाली कितीतरी कोरीवकाम कायमचं गेलंय, आणि आधीच्यांची ओळख पुसली जाते ती वेगळीच. पण त्या खोलीत उभी असताना दुसरी बाजूही दिसत होती. भिक्षू गेल्यानंतर कित्येक शतकं हे लेणं कुणाचंच नव्हतं. याच परिसरात दगडाच्या खाणी आहेत, क्रशर आहेत. या एका टेकडीच्या पोटाला हात लागला नाही. आधी देवी होती, मग पुरातत्त्वाचा कायदा आला. रखवालदाराला लेणं ठाऊक नव्हतं, माताजी ठाऊक होती. नवरात्रात इथे माणसं येतात म्हणून वाट मळलेली राहते, आणि वाट मळलेली म्हणून मी त्या राजापर्यंत पोहोचले.

बाहेर बाजूला कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. जुन्या प्राकृत लेखांमध्ये अशा टाक्याला ‘पोढी’ म्हणतात. कान्हेरीला असे लेख आहेत, अमक्याने पोढी दान दिली म्हणून. मी ते मावशीला सांगितलं. ती म्हणाली, “पोढी काय नि टाकी काय, पाणी टिकतंय ना?” मग वाकून बघितलं आणि म्हणाली, “डिसेंबरात एवढं आहे म्हणजे चांगलं खणलंय.” पाणी हिरवं होतं, पिण्याजोगं नव्हे. आम्ही अंगणाच्या कडेला, मोहोळापासून लांब, बटाट्याची भाजी आणि पोळ्या खाल्ल्या. खाली पत्र्यांचे तलाव, त्यापलीकडे धुरकट कल्याण.

उतरताना गुडघ्याने मावशीला छळलं. चढण्यापेक्षा उतरणं वाईट, हे सगळ्या गुडघेवाल्यांना माहीत असतं. ती आडवी आडवी, एकेक पाय जुळवत उतरली. कडेच्या शेतात पेंढ्याच्या माचाशी एक आजी बसली होती. तिने विचारलं, “देवीला गेलेलाव?” मावशी हो म्हणाली, आणि मला काही कळायच्या आत दोघी एकमेकींची गावं, लेकी, दुखणी काढून बसल्या. आजीनेच मग तिच्या नातवाची रिक्षा बोलावली.

लोनाडचं शिवमंदिर पाहायला फार वेळ लागला नाही, आणि त्याबद्दल लिहायलाही लागू नये. मंडप पडून गेलाय, गाभारा उभा आहे, आणि कोरीव दगड इकडेतिकडे. अंबरनाथ पाहिलेलं असलं तर मनातल्या मनात रिकाम्या जागा भरता येतात. चुना-मातीविना दगडावर दगड बसवत नेलेलं बांधकाम होतं ते. एक दगड निसटला की शेजारचे सुटतात. मावशीने पिंडीवर पाण्याच्या बाटलीतलं उरलेलं पाणी घातलं. मी आडव्या पडलेल्या एका दगडावरची वेलबुट्टी टिपली.

मला तिथे देवळापेक्षा गावाच्या नावाचं जास्त कौतुक वाटत होतं. शिलाहार राजा अपराजित याचा शके ९१९ चा, म्हणजे इ.स. ९९७ चा एक ताम्रपट आहे. त्यात त्याने भादाण हे गाव लवणेतट इथल्या लोणादित्य नावाच्या देवाला दिल्याचं लिहिलंय. भादाण म्हणजे भिवंडी तालुक्यातलं आजचं भादाणे. लवणेतट म्हणजे हेच, लोनाड. लवण म्हणजे मीठ, तट म्हणजे किनारा, मिठाचा काठ. खाडी तेव्हा किती आत येत होती, मिठागरं होती का, हे मी त्या ताम्रपटावरून सांगू शकत नाही, पण नावात मीठ राहिलंय. त्याच ताम्रपटात आणखी एक गोष्ट आहे जी मला फार आवडते. शिलाहार हे मुळात राष्ट्रकूटांचे मांडलिक. ९७३ मध्ये चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांचं राज्य संपवलं. त्याला चोवीस वर्षं होऊन गेली होती, आता कुणाला भ्यायचं कारण नव्हतं, तरी अपराजित आपल्या लेखात आधी त्या बुडालेल्या घराण्याची वंशावळ देतो आणि ते राज्य आता आठवणीतच उरलं म्हणून हळहळतो. मग स्वतःची कुळी सांगतो. बंद पडलेल्या गिरणीचं नाव अजून बसस्टॉपला असावं, तसं काहीसं.

हे सगळं मी रिक्षात मावशीला सांगितलं. रिक्षावाला नातूही ऐकत होता. तो म्हणाला, “आमच्या गावचं नाव मिठावरून? मग शेतात मीठ का नाय पिकत?” आणि स्वतःच हसला.

चौधरपाड्याचा शिलालेख कुठल्याही संग्रहालयात नाही, गावातच आहे. माणसांच्या येण्याजाण्यात. दगडाच्या माथ्यावर सूर्य-चंद्र, मध्ये लेख, खाली चित्र. सूर्य-चंद्राचा अर्थ सरळ आहे, ते आकाशात असेतो हे दान चालावं. लेख संस्कृतात. साल माझ्या कच्च्या डोळ्यांना पहिल्यांदा शके १९६१ वाटलं आणि मी दचकले, ते आहे शके ११६१, म्हणजे इ.स. १२३९-४०. अपरार्काचा मुलगा, शिलाहार राजा केशिदेव याने माघ वद्य चतुर्दशीला, सोमवारी, म्हणजे महाशिवरात्रीच्या दिवशी दान दिलं. षोंपेश्वर महादेवाच्या पूजेशी जोडलेलं ब्रह्मपुरी नावाचं गाव त्याने कवी सोमण याला दिलं.

“सोमण?” मावशी थबकली. “आपल्या चाळीतले सोमण?”

“आठशे वर्षं झाली गं.”

“तरी विचारायला पाहिजे.”

मग तिची नजर खाली गेली. आणि मी ज्याची दिवसभर धास्ती घेतली होती ते आलं. शिलालेखाच्या तळाशी गाढव आणि बाई आहे. याला गधेगाळ म्हणतात, गाळ म्हणजे शिवी. दिलेलं दान जो मोडेल त्याच्या आईला गाढव लागो, असा तो शाप, अक्षरं न येणाऱ्यालाही वाचता यावा म्हणून चित्रात कोरलेला. उत्तर कोकणात असे दगड बरेच आहेत. ११८७ च्या परळच्या शिलालेखात तर सगळा लेख संस्कृतात आणि शेवटची शिवी तेवढी चक्क मराठीत आहे. दान संस्कृतातून, दम मात्र ज्याला द्यायचा त्याच्या भाषेत. मराठी भाषेचे सुरुवातीचे पुरावे म्हणून आपण ज्या दगडांचा अभिमान बाळगतो, त्यांत अशा शिव्यांचा वाटा मोठा आहे, हे शाळेत कुणी सांगत नाही.

मी हे सगळं घसा खाकरत, शब्द गाळत, ‘म्हणजे एक प्रकारची ताकीद’ वगैरे म्हणत समजावायला लागले. मावशी मोठ्याने हसली. “एवढं काय लाजतेस? कळतंय की मला.” मग हसू थांबलं. काठी टेकून जरा खाली वाकली, त्या कोरलेल्या बाईकडे बघितलं आणि म्हणाली, “पण जमीन लाटणार बाप्या, आणि भोगायचं त्याच्या आईने? राजाला बरं सुचलं.”

मी गधेगाळांवर जे काही थोडंफार वाचलंय, ते सगळं त्या वाक्यापुढे मला जरा फिकं वाटलं.

तोवर दोन-तीन माणसं जमली होती. दगडाला कुणी हलवत नाही, एवढंच एकजण म्हणाला. कारण विचारलं तर खांदे उडवले. दुसऱ्याने सांगितलं की इथे आता सगळा जमिनीचा भाव वाढलाय, गोदामवाले आले, हायवेवाले आले, मोजणीवाले रोजचेच. मला त्या क्षणी तो दगड सातबाऱ्यासारखा वाटायला लागला. गाव कोणतं, कुणी दिलं, कुणाला दिलं, कोणत्या तिथीला, आणि हात लावलास तर काय होईल. तलाठ्याच्या कागदावर नसते ती शेवटची ओळ.

मावशी मात्र भलत्याच विचारात होती. रिक्षात बसल्यावर म्हणाली, “आमच्या आबांच्या शेतात असाच होता.”

“काय?”

“दगड. बांधावर. वर चांदोबा, खाली गाढव. आम्ही पोरं त्याला गाढवाचा दगड म्हणायचो. त्याच्यावर बसलं की आजी ओरडायची. घरात अवदसा येते म्हणायची. लिहिलेलं होतं का ते आठवत नाही. कोण बघतंय?”

मी तिला दहा प्रश्न विचारले. उंची किती, कुठल्या बांधावर, तोंड कुणीकडे. तिला उंची आठवत होती ती स्वतःच्या सातव्या वर्षीची, म्हणजे ‘माझ्या नाकापर्यंत’. एसटी लवकर मिळाली नाही, मेगाब्लॉक लागलेला होता, कल्याणला फलाटावर पाऊण तास बसलो. मावशीने फोन काढून शहापूरला मामाला लावला. आधी दहा मिनिटं देवी, गुडघा, मोहोळ आणि आजीच्या लेकीचं बाळंतपण. मग एकदम, “दादा, आबांच्या बांधावरचा गाढवाचा दगड आहे का रे अजून?” पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. गाडी आली, आम्ही चढलो.

बुधवारी रात्री मामाने फोटो पाठवला. विहिरीचा कठडा, एक प्लॅस्टिकची बादली, आणि त्यापुढे साबणाने पांढुरका, गुळगुळीत झालेला एक लांबट दगड. खाली त्याने लिहिलं होतं, “बांध सपाट केला तेव्हा इकडे आणून टाकला. धुणं धुतात. पालथा आहे. उलटा करायला चार माणसं लागतील. शिमग्याला पोरं आली की बघू.”